वाहत्या कानाची टिपणं

रायपूरहून बिलासपूरच्या रस्त्याला लागलं की भनपुरी, बिरगाव मागे पडतात आणि पंधराएक किलोमीटरवर सिलतरा येतं. स्पंज आयर्नच्या भट्ट्या, रोलिंग मिल, फेरो अलॉइजचे कारखाने, त्यांचे स्वतःचे वीजसंच. मधल्या जागेत जुनी गावं, त्यांची तळी, भाताची खाचरं अजून आहेत. सकाळी तळ्याच्या पाण्यावर काळी साय धरलेली दिसते. ‘ईएसपी’ हा शब्द इथल्या निरक्षर म्हातारीलाही ठाऊक आहे. धूळ पकडणारं ते यंत्र वीज खातं म्हणून रात्री बंद ठेवतात, असं गावात सगळेच सांगतात.

जागतिक आरोग्य संघटनेनं २०१४ मध्ये जगभरच्या शहरांच्या हवेचे आकडे प्रसिद्ध केले. त्यात पीएम २.५ चं वार्षिक प्रमाण रायपूरला घनमीटरमागे १३४ मायक्रोग्रॅम होतं. संघटनेची तेव्हाची मर्यादा १० होती. आता ती ५ आहे. आकडा रायपूर शहराचा, भट्टीच्या भिंतीला लागून असलेल्या खोलीचा नव्हे.

*

‘लइका के कान बोहाथे.’ पोराचा कान वाहतोय. हे वाक्य इथं सर्दी-पडशाच्या सुरात बोललं जातं. सांगणारीच्या चेहऱ्यावर काळजी नसते, कंटाळा असतो.

कानांबद्दल आईबापांनी विचारलेले प्रश्न, जसे कानावर आले तसे:

पोराला तळ्यात डुंबू द्यायचं की नाही? सगळं गाव तिथंच अंघोळ करतं.

रात्री तोंड उघडं टाकून घोरतो. मोठा झाला की जाईल का?

या धुळीनंच नाक चोंदतं का? गावी, बालाघाटला नेलं की आठ दिवसांत मोकळं होतं.

कान सुकला, पण मास्तर म्हणतात लक्ष देत नाही. ऐकू येत नाही की ऐकत नाही?

लसूण घालून कडवलेलं मोहरीचं तेल टाकत होतो. त्यानंच बिघडलं का?

मेकाहाराला (रायपूरच्या सरकारी मेडिकल कॉलेजच्या दवाखान्याला) किती खेपा लागतील? सगळं एका दिवसात नाही का होत? खेप म्हणजे एक रोजी गेली.

शेवटचा प्रश्न ऐकून एक डॉक्टर हसले. म्हणाले, ही तक्रार झाली, संशोधनाचा विषय नव्हे. मला तो सगळ्यांत पक्का विषय वाटला. तीन खेपांत होणारं काम एका खेपेत केलं, तर किती मुलांचे उपचार अर्धवट सुटणार नाहीत? हे मोजता येतं, गट पाडून तपासता येतं. प्रयोगशाळा लागत नाही. फक्त तो प्रश्न कोणाला तरी महत्त्वाचा वाटावा लागतो.

*

मूल आणि कान. नाकाच्या मागून मधल्या कानापर्यंत जाणारी नळी मुलांत आखूड आणि जवळजवळ आडवी असते. शेजारीच ॲडेनॉइडची गाठ सुजलेली. त्यामुळे सर्दी कानात शिरायला वेळ लागत नाही. पडदा फुटून पू यायला लागला, तर आई निदान पाहू तरी शकते. पडद्यामागे नुसतंच चिकट पाणी साचलं, तर दुखत नाही, वाहत नाही. पोर फक्त थोडं कमी ऐकतं. मग त्याला घरी हट्टी आणि शाळेत मठ्ठ म्हणतात.

*

इंग्लंडमध्ये २००४ पासून जेम्स लिंड अलायन्स नावाचा उपक्रम आहे. इएन चाल्मर्स त्याच्या संस्थापकांपैकी एक. एकेक आजार घ्यायचा. रुग्ण, त्यांचे आईबाप, सांभाळणारे आणि उपचार करणारे यांना विचारायचं, की तुम्हाला काय कळत नाही? शेकडो, कधी हजारो प्रश्न येतात. सारखे प्रश्न एकत्र करायचे. ज्यांचं उत्तर आधीच सापडलेलं आहे ते बाजूला काढायचे. उरलेल्यांची यादी आखूड करत आणायची आणि शेवटी दिवसभर एका खोलीत बसून पहिले दहा ठरवायचे. त्या खोलीत आईच्या मताचं वजन सर्जनच्या मताइतकंच. औषध कंपन्यांना प्रवेश नाही. निव्वळ संशोधक असलेल्यांनाही मत नाही, याची मला गंमत वाटते. पहिला आजार दमा होता, २००७ मध्ये. कानात आवाज येण्याचा त्रास, ऐकू कमी येणं, दुभंगलेले ओठ-टाळू, असे आमच्या विषयाच्या, म्हणजे कान-नाक-घशाच्या, अंगणातले आजारही होऊन गेले.

जेम्स लिंड हा आरमारी डॉक्टर. १७४७ मध्ये त्यानं स्कर्व्ही झालेल्या बारा खलाशांच्या सहा जोड्या केल्या आणि प्रत्येक जोडीला वेगळं काही दिलं. संत्री-लिंबं मिळालेली जोडी सुधारली. ब्रिटिश आरमारानं लिंबाचा रस सर्वांना लागू केला १७९५ मध्ये. उत्तर सापडून अठ्ठेचाळीस वर्षं ते वापरात नव्हतं. म्हणजे प्रश्न नीट विचारला तरी अर्धंच काम झालं.

*

गुडघ्याचं उदाहरण इथं शोभत नाही, पण टिपून ठेवतो. २००० मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये टॅलन, चार्ड आणि डिएप यांनी दाखवलं, की गुडघ्याच्या संधिवातावरचं संशोधन बहुतांशी गोळ्यांभोवती फिरत होतं, आणि रुग्णांना हवी होती माहिती, व्यायाम आणि शस्त्रक्रियेबद्दलची उत्तरं. गोळी विकता येते, हे त्याचं एक सरळ कारण. कानाच्या थेंबांनाही ते लागू पडावं.

*

पण परदेशाचं नाव घेण्याआधी गडचिरोलीचं घ्यायला हवं. सिलतऱ्याहून ते तसं लांबही नाही. राजनांदगावच्या पुढं गेलं की त्या जिल्ह्याची हद्द येते.

अभय आणि राणी बंग यांनी १९८६ मध्ये ‘सर्च’ सुरू केली. सुरुवातीच्या काळात त्यांनी आदिवासींमधल्या सिकलसेलचा शोध घेतला. काम चोख होतं, शास्त्रीय होतं, सरकारनंही दखल घेतली. पण लोकांना त्यात रस नव्हता. तो आजार त्यांच्या दुःखांच्या यादीत नव्हता. तो संशोधकांच्या कुतूहलाच्या यादीत होता. अभय बंगांनी पुढं हे स्वतःच लिहिलं, सांगितलं. यशस्वी झालेल्या संशोधनाबद्दल ‘हा प्रश्न लोकांचा नव्हता’ असं म्हणायला मोठी हिंमत लागते. वैद्यकीय जगात पडलेल्या प्रयोगाची कबुली एक वेळ मिळते, साधलेल्याची कधीच नाही.

मग त्यांनी विचारायला सुरुवात केली. दवाखाना कसा हवा? लोकांना मोठ्या इमारतीची भीती वाटत होती. आपल्या पाड्यासारख्या झोपड्या हव्या होत्या, आजाऱ्यासोबत घरच्यांना राहता यावं असं हवं होतं. दवाखान्याला नाव मिळालं मां दंतेश्वरीचं. तीच दंतेश्वरी जिचं देऊळ छत्तीसगडात दंतेवाड्याला आहे. शोधग्रामला, म्हणजे ‘सर्च’च्या आवारात, तिची जत्रा भरते आणि गावागावांतून आलेले लोक तिथं आरोग्याच्या प्रश्नांवर बोलतात, कोणता आधी घ्यायचा ते सांगतात. मलेरिया असा पुढं आला.

लहान मुलांच्या न्यूमोनियावरचं त्यांचं काम शंभरावर गावांत झालं आणि १९९० मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आलं. १९९९ चा नवजात बाळांच्या घरगुती काळजीचा अभ्यास ३९ गावांचा; तिसऱ्या वर्षी नवजात मृत्यू ६२ टक्क्यांनी कमी झाले होते. २०११ पासून देशभरच्या आशा कार्यकर्त्यांच्या कामात तीच पद्धत आली. हे सगळं लोकांना विचारल्यामुळंच झालं, असं म्हणणं भाबडेपणाचं होईल. संख्याशास्त्र, शिस्त, जॉन्स हॉपकिन्सचं शिक्षण, हट्ट, सगळंच लागलं. पण ज्या घरात बाळ जन्मतं तिथंच उत्तर शोधायचं, ही दिशा घराकडे पाहणाऱ्यालाच सुचते.

एक शंका मात्र राहते. गावाला ‘सगळ्यांत मोठा प्रश्न कोणता’ असं विचारलं, तर जे मारतं ते वर येणार. मलेरिया, न्यूमोनिया, दारू. वाहणारा कान क्वचितच मारतो. तो फक्त पोराला शेवटच्या बाकावर ढकलतो. गावसभेच्या यादीत तो कधीच येणार नाही. म्हणून कानाबद्दल वेगळं बसून विचारावं लागेल, इंग्रजांच्या त्या एकेका आजाराच्या पद्धतीनं. गडचिरोलीचा कान आणि इंग्लंडचा कागद, दोन्ही हवेत.

*

जागतिक आरोग्य संघटनेचा २००४ चा अहवाल म्हणतो, की जिथं चार टक्क्यांहून जास्त लोकांत कान वाहण्याचा जुनाट विकार असेल, तिथं तातडीनं लक्ष घालायला हवं. भारत त्याच गटात मोडतो. आपला बहिरेपणा प्रतिबंधाचा राष्ट्रीय कार्यक्रम २००६-०७ मध्ये पंचवीस जिल्ह्यांपासून सुरू झाला.

*

टॉन्सिल. १९३४ ची न्यूयॉर्कची गोष्ट. शाळेतली हजार मुलं पाहिली. ६११ जणांची टॉन्सिलं आधीच काढलेली होती. उरलेली ३८९ डॉक्टरांना दाखवली, त्यांनी १७४ जणांना शस्त्रक्रिया सांगितली. ज्यांना नको म्हटलं होतं ती २१५ दुसऱ्या डॉक्टरांकडे नेली. त्यांनी त्यातल्या ९९ जणांना काढा म्हटलं. उरलेली ११६ तिसऱ्यांकडे. पुन्हा जवळजवळ निम्म्यांना काढा. प्रत्येक डॉक्टरच्या डोक्यात ‘निम्म्यांची खराब असतातच’ असा आकडा बसलेला होता आणि समोर कोणीही आलं तरी तो जुळत होता.

पुढं १९८४ मध्ये पिट्सबर्गच्या जॅक पॅराडाइज यांनी मोजमाप ठरवून अभ्यास केला: वर्षात सात वेळा घसा धरला, किंवा दोन वर्षं दरसाल पाच वेळा, किंवा तीन वर्षं दरसाल तीन वेळा, तर शस्त्रक्रियेचा विचार. तोच हिशोब आजही चालतो. यात एक अडचण आहे. सात वेळा हे नोंदवणार कोण? सिलतऱ्यातली आई प्रत्येक वेळी डॉक्टरकडे जात नाही. कामाची पाळी चुकवून जाणं परवडत नाही. तिच्या हिशोबानं ‘पावसाळाभर घसा धरलेला’ असतो. मोजमाप चुकीचं नाही, पण ते ठरवताना ती खोलीत नव्हती.

*

घोरणाऱ्या मुलांवरचा अमेरिकेतला एक मोठा अभ्यास २०१३ मध्ये आला. ५ ते ९ वर्षांची ४६४ मुलं. निम्म्यांची टॉन्सिल-ॲडेनॉइड लगेच काढली, निम्म्यांना सात महिने थांबवलं. मुख्य कसोटी होती लक्ष आणि नियोजन यांची मानसशास्त्रीय चाचणी. तिच्यात दोन गटांत फरक पडला नाही. आईबापांना मात्र फरक दिसला: झोप सुधारली, वागणं सुधारलं, दिवस बरे जाऊ लागले. दुसरीकडे, थांबवलेल्या गटातल्या ४६ टक्के मुलांची झोपेची तपासणी आपोआप सामान्य झाली.

आता हा अभ्यास ‘शस्त्रक्रियेचा उपयोग नाही’ असा वाचायचा की ‘आहे’ असा? उत्तर कसोटी कोणी ठरवली यावर अवलंबून आहे. संशय घेणारा म्हणेल, आईबापांना शस्त्रक्रिया झाल्याचं ठाऊक होतं, त्यांना सुधारणा दिसणारच. खरं आहे. पण मूल रात्रभर शांत झोपलं हे पाहायला आईशिवाय दुसरा साक्षीदार असतो तरी कोण? मला वाटतं, आईबापांना नुसते प्रश्न विचारायला बोलवून भागणार नाही. ‘बरं झालं’ कशाला म्हणायचं, हे ठरवायलाही बसवायला हवं. डेसिबलचा आलेख त्यांना नको असतो. मागून हाक मारल्यावर पोरानं वळावं, एवढं हवं असतं.

*

डुंबण्याचा प्रश्न. फुटक्या पडद्यात पाणी जाऊ देऊ नका, कापसाला व्हॅसलीन लावून कानात बसवा, असं सगळीकडे सांगतात. पश्चिम ऑस्ट्रेलियातल्या दोन दुर्गम आदिवासी वस्त्यांमध्ये मात्र २००० च्या सुमारास क्लोरिन घातलेले खाऱ्या पाण्याचे तलाव बांधले आणि मुलांना पोहू दिलं. शाळेला दांडी मारली तर पोहायला बंदी. २००३ च्या ‘बीएमजे’तल्या अभ्यासात त्वचेचे फोड कमी झाले आणि एका वस्तीत पडदा फुटलेल्या मुलांचं प्रमाण ३२ वरून १३ टक्क्यांवर आलं. पुढं इतर वस्त्यांतल्या अभ्यासांत कानाला असा ठळक फायदा दिसला नाही.

हे वाचून आमच्या तळ्यात पोरं सोडायची नाहीत. तिथं क्लोरिन नाही, म्हशी आहेत आणि काळी साय आहे. मुद्दा इतकाच, की ‘डुंबू द्यायचं का’ हा बाईचा बावळट प्रश्न नसून एका मोठ्या मासिकात छापण्याजोगा प्रश्न आहे.

*

केनिया, कान वाहणारी शाळकरी मुलं, १९९६, पुन्हा ‘लॅन्सेट’. नुसता कान पुसून कोरडा ठेवला तर २२ टक्के बरे, काहीच केलं नाही तरी २२ टक्के. पुसणं, थेंब आणि तोंडावाटे औषध मिळून ५१. आपल्याकडे कित्येक आया इमानानं फक्त पुसत बसतात, कारण तेवढंच सांगितलेलं असतं.

*

स्वस्त उपाय: नाकानं फुगवायचा फुगा. पडद्यामागं पाणी साचलेल्या मुलांना दिवसातून तीनदा फुगवायला लावतात. इंग्लंडात ३२० मुलांवर पाहिलं, २०१५ मध्ये प्रसिद्ध झालं. तीन महिन्यांनी फुगेवाल्यांपैकी जवळपास निम्म्यांचे कान ठीक होते, इतरांत ३८ टक्के. फरक थोडा, पण मोठा धोका नाही. वाहणाऱ्या कानाला याचा उपयोग नाही, हे मात्र आधी समजावून सांगावं लागेल.

*

विरुद्ध बाजू. आईबापांना विचारलं की ते कधी कधी नको तेच मागतात. ‘जोराची गोळी द्या.’ ‘काढूनच टाका एकदाचं.’ आणि विचारायला बोलावलं की येतात कोण? ज्यांना लिहिता येतं, रजा मिळते, बोलायची भीती नाही. सिलतऱ्यात बैठक ठेवली, तर वसाहतीतल्या अधिकाऱ्यांच्या बायका पहिल्या रांगेत असतील. त्यात मराठी मंडळीही येतील; रायपूरच्या महाराष्ट्र मंडळात अशा बैठकीला सतरंजी पुरणार नाही इतकी गर्दी होईल. त्यांच्या मुलांना ॲलर्जी असते, एसीमुळं नाक बंद होतं. तेही खरंच. पण बिहार-ओडिशातून आलेल्या ठेकेदारी कामगाराच्या खोलीतलं, दोन्ही कान वाहणारं मूल त्या यादीत कुठं बसणार?

दुसरी भीती जास्त मोठी. विचारून गेल्यावर काहीच झालं नाही तर? इथल्या लोकांनी कारखान्यांच्या जनसुनावण्या पाहिल्या आहेत. मंडप, खुर्च्या, माइक, समोसे. कारखाना आधीच ठरलेला असतो. धुळीचा प्रश्न पहिल्या दहांत आला आणि कोणीही तो हाती घ्यायला धजला नाही, तर पुढच्या वेळी कोणी तोंड उघडणार नाही.

*

कोणाच्या हाती आधीपासून धागा आहे? छत्तीसगडची मितानीन, म्हणजे वस्तीतलीच आरोग्य कार्यकर्ती. हा कार्यक्रम २००२ चा, आशाच्या आधीचा. पाऱ्यातल्या, म्हणजे वस्तीतल्या, बैठका ती घेतेच. दुसरं, राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथकं. कार्यक्रम २०१३ मध्ये पालघरला सुरू झाला, इथं पथकाला ‘चिरायु दल’ म्हणतात. अंगणवाडीत वर्षातून दोनदा, शाळेत एकदा. जन्मजात बहिरेपण आणि कानाचा संसर्ग, दोन्ही त्यांच्या तपासणीत आहेत. पथक मुलाला तपासतं. आईला प्रश्न विचारायला आणखी दोन मिनिटं लागतील.

*

गालगुंड. त्यानं एका कानाला कायमचं बहिरेपण येऊ शकतं. सरकारी लसीकरणात गोवर-रुबेला आहे, गालगुंड नाही. हे ऐकून एका बापानं विचारलं, ‘का नाही?’ त्याचा प्रश्नही यादीत.

*

आपल्याकडे संशोधनाचा विषय ठरतो कुठं? मोठा भाग एमएसच्या प्रबंधात. पीजीच्या पहिल्याच वर्षी मार्गदर्शकाबरोबर बसून विषय घ्यायचा, दीड-दोन वर्षांत ओपीडीत येतील तेवढ्या रुग्णांवर पुरा करायचा. म्हणून पडद्यासाठी कूर्चा बरी की स्नायूवरचा पापुद्रा, दुर्बिणीतून केलेली शस्त्रक्रिया बरी की सूक्ष्मदर्शकातून, असे विषय पुन्हा पुन्हा येतात. वाईट नाहीत. पण ओपीडीपर्यंत जो आलाच नाही, त्याचा प्रश्न त्यांत येत नाही.

रायपुरात एम्स आहे, मेकाहारा आहे. एखाद्या विभागानं दरवर्षी फक्त एक प्रबंध आईबापांनी निवडलेल्या विषयावर द्यावा. यंदा खेपांचा, पुढल्या वर्षी तळ्याचा, मग मास्तरांचा: शिक्षकानं ‘लक्ष देत नाही’ म्हटलेल्या मुलांपैकी किती जणांना खरंच कमी ऐकू येतं? खर्च जवळजवळ नाही. ऑडिओमीटर आणि बसचं भाडं.

बैठक पगाराच्या आठवड्यात नको, रविवारी सकाळीही नको, तेव्हा रात्रपाळीचे झोपलेले असतात. जागा अंगणवाडी. कारखान्याचा हॉल फुकट मिळाला तरी घेऊ नये. येणाऱ्याला एका रोजीचे पैसे आधी हातात द्यावेत. ब्रिटनमध्येही अशा कामाला मानधन देतात, त्यात उपकार नाही. प्रश्न छत्तीसगढीत घ्यावेत, लिहिणारी मितानीन असावी. डॉक्टर दोनच, आणि त्यांनी पहिला तासभर बोलू नये.

पीजीच्या विद्यार्थ्याला अडचण येईल ती एथिक्स कमिटीत. विषय बैठकीत ठरला म्हणजे काय, असं कोणीतरी विचारेलच. आयसीएमआरच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांत समाजाच्या सहभागावर मजकूर आहे. तेवढी पानं झेरॉक्स करून प्रस्तावाला जोडावीत.